शिक्केवाल्याची बायको

आमच्या गल्लीत तोकुयासु-सानचा आवाज ऐकलेली माणसं थोडी. मी ऐकला आहे, कारण गेली तीस वर्षं तो रोज सकाळी माझ्या दुकानात येतो आणि म्हणतो, "नेहमीचं." म्हणजे कॉफी, पावाचा जाड भाजलेला काप आणि उकडलेलं अंडं. त्या एका शब्दात त्याची न्याहारी उरकते आणि बहुतेक वेळा दिवसभराचं बोलणंही. धंदा शिक्के कोरायचा. आमच्याकडे शिक्क्यावाचून ना बँकेत खातं उघडायचं, ना घर विकत घ्यायचं, अशी जुनी रीत. तेव्हा आमच्या अर्ध्या कुरायोशी गावाची नावं या माणसाच्या हाताखालून उलटी गेलेली आहेत. कुणाचं नाव सुलटं घेऊन हाक मारताना मात्र त्याला कुणी पाहिलेलं नाही.

आणि बायको कोण, तर मिसाओ-सान. लग्नाआधी ती सहलीच्या बसवर गाइड होती. डोक्यावर निळी टोपी, हातात माइक, डोंगर आला की डोंगराची गोष्ट, बोगदा आला की गाणं. अशी बाई या ओंडक्याच्या गळ्यात कशी पडली, यावर गल्लीत बरीच वर्षं चर्चा झाली. लग्न जुळवणारी म्हातारी वारली, त्यामुळे आता खरं कारण कळायची आशा नाही.

माझं कॉफीचं दुकान त्यांच्या घराला लागून; आमच्याकडे कॉफीवाल्याला सगळे मास्टर म्हणतात. मधली भिंत फळ्यांची. फळ्यांतून आवाज येतो हा सुताराचा दोष, माझा नव्हे. यासुए, म्हणजे आमची मंडळी, हे मानत नाही. असो.

नाशपातीचे दिवस होते. एका दुपारी तोकुयासु-सान आला. दुपारी तो कधीच येत नाही. बसला, पण "नेहमीचं" म्हणाला नाही. बराच वेळ साखरेच्या भांड्याकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "मास्टर, मी एका बाईला जेवायला बोलावलंय."

मी हातातला कप खाली ठेवला. साठी उलटल्यावर का होईना, गल्लीला काहीतरी मिळालं.

"वय काय?"

"माहीत नाही."

"दिसायला कशी आहे?"

"पाहिलेली नाही."

"नाव तरी ठाऊक आहे का?"

"ओली छत्री."

यासुए आत भांडी घासत होती, ती घासायची थांबली.

मग त्याच्याकडून एकेक वाक्य उपसून काढावं लागलं. विहीर आटली की गाळ उपसतात तसं. ते सगळं जोडून झालेली हकिगत अशी.

बारा वर्षांपूर्वी मिसाओ-सान गावच्या सभागृहात कॉम्प्युटर शिकायला गेली होती. तिथं सगळ्या बायकांना एकेक ब्लॉग उघडून दिला. मिसाओ-साननं आपल्या ब्लॉगला नाव दिलं 'शिक्केवाल्याची बायको', चारी बाजूंनी फुलांची किनार लावली आणि एक हिवाळाभर लिहिलं. आज काय शिजवलं, काय करपलं, कालव्यात किती बदकं आली. त्या वेळी अशा प्रत्येक पानाच्या खाली येणाऱ्या-जाणाऱ्यांचा आकडा फिरत असे. गोल आकड्यावर, म्हणजे किरिबानवर, ज्याचं पाऊल पडेल त्यानं आपलं नाव कळवायचं अशी रीत. न कळवता सटकला तर 'तुडवून पळाला' म्हणून त्याची नालस्ती व्हायची. आणि ज्यानं कळवलं त्याची एक मागणी घरधन्यानं पुरवायची. मिसाओ-साननं थाटात लिहून टाकलं होतं: जो लाखावा येईल त्याला माझ्या हातचा राक्क्यो खायला घरी बोलावीन. राक्क्यो म्हणजे ते लसणाएवढे छोटे कांदे, व्हिनेगरात मुरवलेले. तिच्या हातचे खरोखर चांगले असतात. त्या काळी पानावर रोज तीन माणसं यायची, त्यांतली दोन ती स्वतः. लाख कशाला होतायत?

वसंत आला आणि गावात हवाईतल्या हुला नाचाचा वर्ग निघाला. मिसाओ-सान गवताचा झगा नेसून तिकडे गेली. ब्लॉग राहिला तिथंच.

पण तिच्या शेवटच्या लेखाखाली कुणीतरी विचारलं होतं, राक्क्यो कुरकुरीत कसा राहतो? तोकुयासु-सान दुकानातल्या कॉम्प्युटरवर बायकोचं लिहिलेलं रोज चोरून वाचत असे. हा प्रश्न तसाच पडलेला त्याला बघवेना. गिऱ्हाईक दारात उभं आहे आणि आत कुणी हूं की चूं करत नाही, असं त्याला वाटे. शेवटी त्यानं तिच्या नावानं उत्तर लिहिलं. पासवर्ड शोधावा लागला नाही, तिनं तो कॉम्प्युटरच्या कपाळावरच चिकटवून ठेवला होता. उत्तराला आभार आले. आभारांना उत्तर द्यायला नको का? असं करता करता दुसऱ्या दिवशी त्यानं बदकांवर चार ओळी लिहिल्या.

आणि मग रोज.

सकाळी शटर अर्धं वर करायचं, कोरायच्या आधी हात उबदार होईपर्यंत दोन बोटांनी टाइप करायचं. भूकंपाच्या वर्षी गावाच्या छपरांवर निळ्या ताडपत्र्या होत्या, तेव्हासुद्धा खंड नाही. सुरुवातीला बायकोच्या ढंगात, स्वयंपाकाचंच लिहायचा. त्यासाठी तिला आडून आडून विचारावं लागायचं. मला आठवलं, त्या सुमारास मिसाओ-सान माझ्याकडे येऊन म्हणाली होती, "मास्टर, यांना काहीतरी झालंय. इतक्या वर्षांत कधी चुलीकडे फिरकले नाहीत, काल विचारतात, मुळा तिरका कापतेस की सरळ. दुसरीकडे कुठं संसार तर नाही ना मांडला?"

"दुसरा संसार मांडायला आधी तोंड उघडावं लागतं, मिसाओ-सान," मी तिची समजूत घातली होती.

पुढं पुढं पाककृती मागं पडल्या आणि ब्लॉगात नवरा येऊ लागला. शिक्केवाल्याची बायको आपल्या नवऱ्याबद्दल लिहू लागली. नवरा कसा घुम्या आहे, वाढदिवस लक्षात असून विसरल्यासारखं कसं करतो, मुलगा ओसाकाला निघाला त्या दिवशी स्टेशनवर न जाता दुकानात बसून एकच रेघ कशी कोरत राहिला. वाचणाऱ्या बायका हसायच्या, हळहळायच्या, त्या नवऱ्याला चार शब्द सुनावायच्या. तोकुयासु-सान ते सगळं वाचून, नवऱ्याच्या वतीनं बायकोच्या तोंडून माफी मागायचा. अकरा वर्षं हा माणूस मला "नेहमीचं" म्हणून गेला आणि तिकडे तो बडबडत होता.

आणि आता आकडा लाखावर गेला होता. लाखावी आली ती ही ओली छत्री, म्हणजे ब्लॉगवर असं टोपणनाव घेतलेली एक बाई. ती नऊ वर्षांपासून वाचणारी, तिनं रीतीप्रमाणे कळवलं, बाकीच्यांनी अभिनंदनाचा पाऊस पाडला. आणि तिची मागणी एकच: वचन दिल्याप्रमाणे राक्क्यो, शिक्केवाल्याच्या बायकोच्या हातून.

"नाही म्हणून टाक," मी म्हणालो.

"पानावर लिहिलंय. सगळ्यांदेखत."

"मग बायको आजारी आहे म्हण."

"म्हटलं तर पन्नास जणी औषधं पाठवतील."

"मग मिसाओ-सानला सांगून मोकळा हो. हसेल ती."

त्यानं साखरेचं भांडं बाजूला सारलं. मग म्हणाला, "हसणार नाही. अकरा वर्षं परक्यांपुढं तिच्या तोंडानं बोललोय. ओसाकाहून मुलगा बोलावतोच आहे, नात सांभाळायला. ती आजवर गेली नाही. आता जाईल."

म्हणजे हे असं होतं. मला थट्टा सुचेना, आणि मला थट्टा न सुचणं हे दुखणं आहे. मी आत वळून म्हणालो, "यासुए, एका दिवसापुरती तू याची बायको होशील का?"

"एक गप्पिष्ट सांभाळतेय तो पुरे नाही का," ती आतून म्हणाली. "मुका आणखी कशाला गळ्यात घेऊ? आणि तोकुयासु-सान, तुम्ही सांगायला आलात कुणाला, तर या माणसाला. गावच्या भोंग्यावरून सांगितलं असतं तर निदान चालत यायचे कष्ट वाचले असते."

हे मात्र तिचं चुकलं. मी कुणाला बोललो नाही. जिभेला फोड आल्यासारखा वागलो. मिसाओ-सान कॉफीची पूड न्यायला आली तरी मी हवेबद्दल बोललो, तेव्हा तिनं मला ताप आहे का म्हणून विचारलं.

त्या आठवड्यात रोज संध्याकाळी जेवणाच्या वेळी मी भिंतीजवळचे कप पुसले. पलीकडे जेवणाच्या काड्यांचा आवाज यायचा, मग तोकुयासु-सान म्हणायचा, "अगं."

"काय?"

मग एवढी शांतता, की माझ्या हातातला कप थंड व्हावा.

"चहा."

दुसऱ्या दिवशी पुन्हा "अगं", पुन्हा "काय?", आणि पुन्हा "चहा". शेवटी मिसाओ-सान म्हणाली, "अहो, पुढ्यातला तर आधी संपवा. तिसरा कप आहे हा."

मग त्यानं पळवाट काढली. ओली छत्री रविवारी दुपारच्या बसनं येणार होती. रविवारी दुपारी मिसाओ-सान हुलाच्या तालमीला जाते. पाहुणीला सांगायचं, काय करावं, बायकोला अचानक जावं लागलं. तिच्या हाती बरणी द्यायची, वाकून नमस्कार करायचा आणि बसमध्ये बसवून द्यायचं. मी म्हटलं, बेत कागदी आहे, पण कागदी छत्रीसुद्धा चार पावलं टिकते.

मी आणि तो दोघंही एक गोष्ट विसरलो. आमच्या लोकांत दुसऱ्याच्या घरी वेळेच्या आधी पोचणं म्हणजे उशिरा पोचण्यापेक्षा वाईट. म्हणून माणूस आधीची गाडी पकडतो आणि जवळपास कुठंतरी वेळ काढत बसतो. आणि शिक्क्यांच्या दुकानाजवळ वेळ काढत बसण्यासारखी जागा आहे एकच.

रविवारी दुपारी, ठरलेल्या बसच्या अर्धा तास आधीच, साठीची एक बाई आत आली. नेटका करडा कोट, मांडीवर रेशमी रुमालात बांधलेला मिठाईचा डबा. कॉफी मागवली आणि भिंतीकडे, कपांकडे, माझ्याकडे असं पाहू लागली, जणू नातेवाइकांच्या घरी आली आहे.

"तुम्हीच ना मास्टर?" ती म्हणाली. "गप्पा मारताना कॉफी उतू घालवणारे?"

यासुए आत खोकली. माझ्याबद्दलही लिहून ठेवलं होतं तर त्या मुक्यानं.

मी काही बोलणार तेवढ्यात दारावरची घंटा वाजली आणि मिसाओ-सान आत आली. तालमीला निघाली होती. कानामागं भलंमोठं लाल कापडी फूल, हातात आमचा रिकामा ट्रे. "मास्टर, हा ट्रे—"

करडा कोट उभा राहिला. फुलाकडे पाहिलं, आणि कमरेत वाकून म्हणाला, "शिक्क्यांच्या दुकानातल्या बाईसाहेब ना? मी कोसुगे. म्हणजे, ओली छत्री. किरिबानवाली. लवकर आले, माफ करा. तुमच्यापाशीच येणार होते."

मी एकच कप पुसत राहिलो.

मिसाओ-सानचा चेहरा मी नीट पाहिला. आधी काहीच नव्हतं त्यावर. मग किरिबान हा शब्द कुठंतरी खोल जाऊन आदळला. "राक्क्यो," ती हळूच म्हणाली. "लाखावा. हो, ते मी लिहिलं होतं."

"लिहिलं होतं म्हणजे काय, पाळलंत," कोसुगे-सान म्हणाली. तिचे डोळे भरले. "अकरा वर्षांत एक दिवस चुकला नाही तुमचा."

बसवर गाइड असलेली बाई. डोंगर धुक्यात गडप झाला तरी प्रवाशांना डोंगर दाखवायचा, हे तिचं शिक्षण. ती शेजारच्या खुर्चीवर बसली, ट्रे मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "तुम्हाला सगळ्यांत काय आवडलं वाचताना?"

"तुमच्या ऑपरेशनचं," कोसुगे-सान म्हणाली. "नवरा दवाखान्यात येऊन एक शब्द न बोलता बसायचा, त्याचा तुम्हाला राग आला होता. आणि मग कालवा साफ करायला पाणी काढून टाकलं तेव्हा घराखालच्या चिखलात तुम्हाला ते शिक्के सापडले. म्हशीच्या शिंगाचे, सगळ्यांवर तुमचंच नाव, आणि सगळे बिघडलेले. त्या दिवसांत त्यांचा हात थरथरत होता. मी ते माझ्या बहिणीला वाचून दाखवलं."

मिसाओ-सानचे हात ट्रेच्या काठावर होते.

"हो," ती म्हणाली. "सापडले खरे."

"आणि एक सांगू? मी मोठ्या दुकानात लिफ्टजवळ उभी असायचे, मजले पुकारायला. नोकरी सोडायला लागली त्या आठवड्यात तुम्ही लिहिलंत, की बसची नोकरी सोडल्याचं मला एकदाही वाईट वाटलं नाही. एकदाही. ते वाचून मला धीर आला. म्हटलं, बाईला असंही जगता येतं."

मिसाओ-सान गप्प राहिली. त्या घरात गप्प राहणारा एकच माणूस असतो अशी माझी समजूत होती. मला वाटलं, आता ती बोलेल. म्हणेल, बाई, मी हे लिहिलेलं नाही. तिचे ओठ हललेसुद्धा. मी कप खाली ठेवला, वाजू नये म्हणून.

त्याच वेळी काचेच्या दाराबाहेर तोकुयासु-सान दिसला. बरणी छातीशी धरून, बसथांब्याकडे निघालेला. त्यानं आत पाहिलं. लाल फूल पाहिलं, करडा कोट पाहिला. आणि तिथंच उभा राहिला. आत येईना, पळेना. मागून सायकलवाला घंटी वाजवत होता, ती त्याला ऐकू येत नव्हती.

मिसाओ-साननं वळून त्याच्याकडे पाहिलं. ती उठली, दार उघडलं. "अहो," ती म्हणाली, आणि तो आवाज बसच्या माइकमधला होता, सगळ्या सिटांवर सारखा पोचणारा, "पाहुण्या आल्यात माझ्या. उभे काय राहिलात? बरणी घरात न्या."

कोसुगे-सान तोंडावर हात ठेवून हसली. "अगदी तसेच आहेत हो. हुबेहूब."

त्या दुपारी मिसाओ-सान तालमीला गेली नाही. पलीकडून पाहुणीचं हसणं, बरणीचं झाकण, राक्क्यो दातांखाली फुटल्याचा कुर्र आवाज. संध्याकाळी दोघी थांब्यावर एकमेकींना इतक्या वेळा वाकल्या की ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. बस गेली. मिसाओ-सान परत आली आणि आतून कडी लावली.

मी आणि यासुए जेवलो नाही. भिंतीपलीकडे काही नव्हतं. भांडण असतं तर बरं, असं यासुए म्हणाली. तिनं त्या दिवशी मला भिंतीपासून हटवलं नाही. मग एकदा कपाट उघडल्याचा आवाज आला आणि काहीतरी जड खाली ओढल्याचा. प्रवासाची बॅग. तो आवाज कुणीही ओळखतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर अर्धं वर गेलं ते नेहमीच्या वेळी. आणि मग मिसाओ-सानचा आवाज.

"लावा तो कॉम्प्युटर. आणि पहिल्यापासून वाचा. मोठ्यानं."

"मोठ्यानं?"

"अकरा वर्षं माझ्या तोंडानं बोललात ना? आज तुमच्या तोंडानं ऐकू दे. नऊची गाडी आहे माझी. तोवर वाचा."

मी आयुष्यात बरंच ऐकलं आहे, पण हे पहिलंच. तोकुयासु-सान वाचू लागला. घसा खरवडत, शाळकरी पोरासारखा, बोट लावून. बदकं. मुळा. 'माझा नवरा आज पुन्हा काही बोलला नाही.' हे त्यानंच आपल्या तोंडानं म्हणायचं. मध्येच मिसाओ-सानचा आवाज: "हे मी कधी म्हटलं नाही. काढा." "हे असं झालं नव्हतं. भात नव्हे, नूडल होत्या." आणि चिखलातल्या शिक्क्यांचं वाचून झालं तेव्हा फक्त, "किती होते ते शिक्के?"

"मोजले नाहीत."

"कालव्यात आहेत अजून?"

"असतील."

तो पुढं वाचत गेला. नऊची गाडी गेली. शिट्टी आमच्या दुकानापर्यंत येते. त्या दोघांपैकी कुणी तिचं नाव काढलं नाही, म्हणून मीही श्वास सोडला नाही. आणि मग ते वाक्य आलं. 'बसची नोकरी सोडल्याचं मला एकदाही वाईट वाटलं नाही.'

"थांबा," मिसाओ-सान म्हणाली. "हे कुणाला विचारून लिहिलंत?"

पलीकडे माउसची टकटक थांबली.

"त्या बिचाऱ्या बाईनं नऊ वर्षं हे उराशी धरलंय. आणि खोटं आहे ते. वाटलं होतं मला वाईट. एकदा तर बसच्या कंपनीला फोन लावला होता. टोपी ट्रंकेत होती, ती काढून डोक्यावर घालून बघितली. तुम्ही दुकानात होतात, चार पावलांवर."

आता चहा मागेल, असं मला वाटलं. देवाशपथ वाटलं. यासुएनं माझा दंड धरला.

"कधी?" तोकुयासु-सान म्हणाला.

"काय?"

"कधी वाटलं? कुठल्या वर्षी?"

पलीकडे खुर्ची सरकली. ती उठली की बसली, ते फळ्यांतून कळत नाही.

"अकरा वर्षं लिहिताय," ती म्हणाली, "आणि विचारायला आज सुचलं."

"हो."

"शटर खाली ओढा आधी. वेळ लागेल."

त्या दिवशी ब्लॉगवर काही आलं नाही. भूकंपातसुद्धा न चुकलेलं पान तसंच राहिलं, आणि दुपारपर्यंत खाली बायकांची रांग लागली: बरं आहे ना, काही झालं का. तोकुयासु-सान माझ्याकडे आला तोवर सकाळचा पाव संपला होता. मी नुसतं अंडं आणि कॉफी पुढं ठेवली. डोळे सुजलेले, आवाज पार बसलेला.

"काय ठरलं?" मी विचारलं. न विचारून कसं चालेल?

"ती उद्याच्या गाडीनं जातेय. ओसाकाला." त्यानं कॉफीचा घोट घेतला. "पंधरा दिवस. रोज संध्याकाळी फोन करा म्हणाली. लिहायचं नाही, बोलायचं."

"आणि ब्लॉग?"

"तिनं पासवर्ड बदलला." तो अंडं सोलू लागला आणि मध्येच थांबला. "मास्टर, फोनवर माणसं सुरुवातीला काय म्हणतात हो?"